अकरा नळ्यांचं हृदय

मास्तरांचा स्वतःच्या कात्रीवरसुद्धा विश्वास नव्हता. दुकान बंद करताना ते ती जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून घरी नेत, मूठ कुठल्या बाजूला ठेवली ते ध्यानात ठेवत आणि सकाळी उठल्याबरोबर तपासत. घरात माणसं दोनच. बायको अंथरुणातून उठून कात्रीने नेमकं काय कापेल, हे त्यांनाही सांगता आलं नसतं, पण एकदा बघितल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नसे. बायको म्हणायची, "मला मेलीला कात्रीच चालवायची असती, तर लग्नाच्या पहिल्या वर्षीच चालवली असती." हेही मास्तरांनी लक्षात ठेवलं होतं.

पेशाने ते शिंपी. शिंप्याला सगळेच मास्तर म्हणतात, तसे हेही मास्तर. किल्ल्या करून देणाऱ्याचं दुकान आणि चष्म्याचं दुकान यांच्यामध्ये त्यांचा अरुंद गाळा होता. त्यात दोन मशीन, एक लांब टेबल, आरशासमोर पडदा आणि पडद्यामागे काज-बटणं करत बसलेली बायको. गिऱ्हाईक म्हणालं की शर्ट काखेत आवळतो, तर मास्तर आधी त्याच्या पोटाकडे बघत आणि मग डोळ्यांकडे. "माप देताना श्वास ओढून धरला होतात तुम्ही," असं ते शांतपणे सांगत. तीस वर्षांत मास्तरांचा काप एकदाही चुकला नव्हता. कापड आटलं होतं, गिऱ्हाईक सुटलं होतं, धुणाऱ्याने पाणी जास्त गरम केलं होतं. काप मात्र बरोबर होता.

शाळेचे गणवेश ते शिवत, त्यातून पुढचं सगळं घडलं. शाळेच्या मागच्या इमारतीत तळमजल्यावर एक खोली होती. मुलांनी तिला 'चाचपायची खोली' असं नाव ठेवलं होतं. शाळेतल्या चार अंध मुलांना तिथे ब्रेलची पुस्तकं, उठावाचे नकाशे आणि एक शिक्षिका मिळे. पाच वर्षांपूर्वी या खोलीच्या बाई एक पुस्तक उघडून दुकानात आल्या. पानावर डोळ्याचं चित्र होतं.

"हे शिवून द्याल का?"

"डोळा शिवायचा?" मास्तरांना वाटलं, चेष्टा चालली आहे. त्यांनी बाईंकडून कागदावर लिहून घेतलं, सही घेतली आणि मगच पुस्तकाला हात लावला.

पण काम हातात घेतल्यावर त्यांना ते आवडलं. जाड कापडावर विणलेल्या दोरीचा गोफ ठेवून बाहेरची रेघ, आत मखमलीचा तुकडा, कुठे रेनकोटचं गुळगुळीत कापड, कुठे खरखरीत तागाचं. मुलांनी बोटांनी वाचायचं, म्हणून प्रत्येक टाका पक्का. पुस्तकातली एकही रेघ त्यांनी सोडली नाही. बाईंनी चित्राच्या कडेला ब्रेलच्या नावपट्ट्या चिकटवल्या. शाळेत ज्याने बघितलं तो म्हणाला, हुबेहूब. विज्ञानाच्या सरांनी तर पाठ थोपटली. डोळ्यानंतर कान झाला, फूल झालं, दोन नकाशे झाले आणि यंदा हृदय.

त्या चार मुलांमधली सगळ्यात मोठी एक मुलगी होती. तिला जन्मापासून दिसत नव्हतं, आणि सगळी शाळा तिला 'कशावरून' म्हणे, कारण तिला काहीही सांगा, तिचा पहिला शब्द तोच. दहा वर्षांची असताना तिने मास्तरांना विचारलं होतं, "तुम्ही मास्तर, मग शिकवता काय?"

"शिकवत नाही, शिवतो."

"कशावरून?"

मास्तरांना राग आला, पण त्यांनी हात पुढे केला. तिने त्यांचं बोट चाचपलं, सुईने टोचून टोचून निबर झालेला शेंडा तिला लागला, आणि तिने मान डोलावली. त्या दिवसापासून मास्तरांना ती थोडी आवडली आणि थोडी खटकली. त्यांच्यासारखं दुसरं माणूस त्यांना याआधी भेटलं नव्हतं.

आता ती पंधराची झाली होती. माणसांना अंग चोळून, व्यायाम देऊन बरं करण्याचं शिक्षण तिला घ्यायचं होतं. त्यासाठी विज्ञान लागत होतं.

यंदा हृदयाचं चित्र दुरुस्तीला परत आलं. चार ठिकाणी टाके सुटले होते. बरोबर चार, आणि चारही जागा सारख्या: बाहेरून आलेला गोफ हृदयाच्या भिंतीला भिडतो तिथे. मास्तरांनी भिंग लावून पाहिलं. दोरा झिजलेला नव्हता, उचकटलेला होता.

"कुणीतरी मुद्दाम केलंय," ते बायकोला म्हणाले.

"कुणाला वेळ आहे हो?"

त्यांनी टाके पुन्हा घातले, या वेळी दुहेरी. आठ दिवसांनी चित्र परत आलं. त्याच चार जागा. मास्तरांची झोप उडाली. झाडूवाल्या मावशी रोज सकाळी त्या खोलीत एकट्या असतात, हे त्यांना आठवलं. बाई हल्ली फार गोड बोलतात, हेही आठवलं. कुणी दुसरा शिंपी नमुना उसवून बघत असेल, आत टाका कसा घेतला आहे ते चोरत असेल, असंही त्यांनी मनाशी ठरवून टाकलं. दोन दिवस ते रस्त्यावरच्या दुसऱ्या शिंप्याच्या खिडकीत कुठे हृदय दिसतं का ते बघत हिंडले.

मंगळवारी दुरुस्त केलेलं चित्र घेऊन ते शाळेत गेले, तर खोलीचं दार अर्धवट लोटलेलं होतं आणि आत विज्ञानाचे सर बोलत होते. मास्तर दाराबाहेर थांबले. असं थांबण्यात त्यांना कधी कमीपणा वाटला नव्हता.

"ऐका," सर बाईंना 'कशावरून'चा पेपर वाचून दाखवत होते. "'हृदयाचे चार कप्पे हृदयाच्या बाहेर असतात. ते चार नळ्यांनी हृदयाला जोडलेले असतात. एकूण नळ्या अकरा.' काय म्हणायचं याला? गेल्या वर्षापर्यंत हिची उत्तरं लिहायला हिची मावसबहीण बसायची, तेव्हा गुण बघा. यंदा लेखनिक आपण दिली, तर हे. म्हणजे आधीचं डोकं कुणाचं होतं?"

"ती हुशार आहे हो सर," बाई म्हणाल्या. "मी रोज बघते."

"हुशार आहे की हुशार करून आणली आहे, तेच विचारतोय मी. शुक्रवारी दुपारी मुख्याध्यापकांकडे माझा कागद जाणार. तिने विज्ञान सोडलेलं बरं. तिच्याच भल्याचं आहे."

मास्तरांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पोरगी अभ्यास करत नाही. नापास झाली की चित्र फाटकं होतं म्हणून मास्तरांवर ढकलायचं, यासाठी आधीपासून टाके उसवून ठेवते. मावशी सुटल्या, बाई सुटल्या, दुसरा शिंपी सुटला. राहिला प्रश्न पुराव्याचा.

त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर, चित्र टांगून ठेवण्याच्या मिषाने, त्यांनी कापडावर खुणा करायचा निळा खडू कुटून त्या चार जागी चोळला. कापडही गडद निळंच होतं. दिसणाऱ्यालाही कळलं नसतं.

बुधवारी मधल्या सुट्टीत ते शाळेत हजर. मावशी दारातच भेटल्या.

"मावशी, हात बघू."

"का, भविष्य सांगताय की काय? लवकर सांगा, बादली भरतेय तिकडे."

हात ओले आणि स्वच्छ. बाईंच्या बोटाला लाल शाई होती, निळं काही नव्हतं. कशावरून खिडकीपाशी चित्र मांडीवर घेऊन बसली होती. तिची दहाही बोटं निळी होती. नाकाच्या शेंड्यावर निळं, गालावर निळं, कॉलरवर निळं.

"हात पुढे कर," मास्तर म्हणाले.

तिने केले. "काय झालंय?"

"खडू आहे. निळा. मी लावला होता, त्या चार जागांवर."

"म्हणून आज वर्गात सगळे हसत होते," ती म्हणाली. "मी विचारलं, तर म्हणाले, काही नाही." तिने बाहीने नाक पुसलं. निळं आणखी पसरलं.

मास्तरांना आत कुठेतरी लागलं. खडू दिसणाऱ्यांना दिसेल आणि तिलाच दिसणार नाही, एवढी साधी गोष्ट त्यांनी हिशेबात धरलीच नव्हती. पण चोर हाती लागल्यावर मागे हटायची त्यांना सवय नव्हती. "टाके तूच उसवतेस," ते म्हणाले.

"उसवत नाही. बघते."

"नखाने?"

"मग कशाने बघू?"

मास्तरांनी तिच्या नखांकडे बघितलं. ती म्हणाली, "या चार नळ्या आत जातात की भिंतीला चिकटून संपतात, तेच कळत नाही. टाका इतका घट्ट आहे की खाली काय आहे ते लागतच नाही. बसा इथे. डोळे मिटा."

"डोळे मिटल्यावर काय करणार आहेस?"

"मी कुठे पळून जाणार आहे, मास्तर?"

त्यांनी आधी एक डोळा मिटला, मग नाइलाजाने दुसरा. तिने त्यांचं बोट धरून कापडाच्या कडेला नेलं. "इथे लिहिलंय, डावा वरचा कप्पा. इथून निघा." बोट गोफावरून सरकत गेलं. गोफ, गोफ, मग एक उंचवटा, मग मखमल. "आता सांगा, ही नळी कुठे जाते?"

"ही नळी नाहीच," मास्तर म्हणणार होते. पण बोटाखाली नळीच होती. रक्त वाहून नेणाऱ्या नळ्यांना जो गोफ, तोच याला. तोच टाका, तेवढंच अंतर. त्यांनी मिटल्या डोळ्यांनी मोजलं तर अकरा. डोळे उघडले तर सात नळ्या आणि पुस्तकातल्या नावं दाखवणाऱ्या चार रेघा. पुन्हा मिटले. पुन्हा अकरा. असं त्यांनी तीनदा केलं.

"ती रेघ आहे," ते शेवटी म्हणाले. "नाव दाखवायची. कडेला जे लिहिलंय ते या आतल्या जागेचं नाव, एवढं सांगायला."

"म्हणजे कडेला काहीच नसतं?"

"नसतं."

"हृदयाला जे नसतं ते तुम्ही हृदयाला शिवलंत?"

"पुस्तकात होतं."

"पुस्तकात ती रेघ आणि नळी सारखीच दिसते?"

मास्तरांना पुस्तकातलं पान आठवलं. पुस्तकात नळ्या जाड होत्या, लाल आणि निळ्या. रेघा केसासारख्या बारीक, काळ्या. डोळ्याला क्षणभरही गोंधळ होत नाही. त्यांनी मात्र सगळ्याला एकच गोफ लावला होता, कारण एकसारखं काम दिसायला छान दिसतं.

"पण पुस्तकात लिहिलेलं असतं ना," त्यांनी शेवटचा प्रयत्न केला, "की हृदयाला चार कप्पे असतात."

"घराला कुंपण असतं," ती म्हणाली. "ते काय घराच्या आत असतं?"

त्या दिवशी मास्तरांनी दुकानात दोन पँटी उलट्या बाजूने शिवल्या. बायको पडद्याआडून बघत होती. जेवताना त्यांनी तिला सगळं सांगितलं, पण जरा फिरवून: बाईंनी तपासायला हवं होतं, सरांनी वर्गात नीट सांगायला हवं होतं, पोरीने आधीच विचारायला हवं होतं. नवं चित्र गुपचूप करून दिलं की झालं, कुणाला कळायचंही नाही. बायकोने सगळं ऐकून घेतलं.

"आणि सरांचा तो कागद?"

"तो त्यांचा प्रश्न."

"मग असं करा," ती ताट उचलत म्हणाली, "सरांना सांगा, गिऱ्हाईक सुटलंय."

गिऱ्हाईक फार तर शर्ट टाकून देतं. ही पोरगी शुक्रवारी काय टाकून देणार होती, ते मास्तरांना पुरतं कळलं होतं.

गुरुवारी ते शिक्षकांच्या खोलीत गेले. सर वह्या तपासत होते. मास्तर उभ्या उभ्याच म्हणाले, "सर, माझा काप चुकला." हे वाक्य त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा उच्चारलं आणि ते त्यांना स्वतःलाच परक्या माणसाने बोलल्यासारखं ऐकू आलं. मग त्यांनी चित्र टेबलावर पसरून नळ्या आणि रेघा समजावून सांगितल्या.

सरांनी पेन खाली ठेवलं. "तुम्हाला कुणी पाठवलं? तिच्या आईने?"

"नाही."

"तिच्या घरच्यांशी ओळख आहे तुमची?"

"नाही हो."

"मग तुम्ही कशाला एवढा त्रास घेताय?"

मास्तर त्यांच्याकडे बघत राहिले. असं बोलणारा माणूस समोरून किती ओंगळ दिसतो, याची त्यांना आजवर कल्पना नव्हती. "डोळे मिटा," ते म्हणाले.

सरांनी मिटले, पण पापण्या थरथरत होत्या. चोरून बघणारा माणूस मास्तरांना लगेच ओळखता येई, शेवटी तो त्यांचाच धंदा. त्यांनी खिशातला रुमाल काढून सरांच्या डोळ्यांवर बांधला आणि त्यांचं बोट कापडावर ठेवलं. बाकीचे शिक्षक जागेवरून उठून आले. सर पुटपुटत मोजू लागले. आठाला थांबले, मागे गेले, पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

"अकरा," ते म्हणाले. रुमाल सोडल्यावर ते बराच वेळ त्या चार रेघांकडे बघत होते. मग म्हणाले, "उद्या सकाळी नवं चित्र आणा. मी तोंडी विचारीन. लेखनिक नाही, कुणी नाही. आणि चित्र आधी मी बघणार."

"बघू नका," मास्तर म्हणाले. "चाचपा."

नवं चित्र त्यांनी दुकानात नाही, शाळेच्या खोलीतच बसून केलं. कशावरून समोर बसली होती. नळ्यांना गोफ राहिला. नावाच्या रेघा गेल्या. प्रत्येक कप्प्यात ब्रेलचा एक आकडा आला, आणि कुठल्या आकड्याचं नाव काय ते बाईंनी वेगळ्या पट्टीवर लिहून दिलं. टाका पक्का करण्याआधी मास्तर कच्चा धावदोरा घालत आणि कापड तिच्याकडे सरकवत. "हे काय लागतंय?" ती सांगे. दोनदा तिने चूक काढली, दोन्ही वेळा मास्तरांनी भुवया चढवल्या आणि दोन्ही वेळा उसवलं. पाच वर्षांत त्यांनी तिला हे कधी विचारलं नव्हतं. बघणाऱ्यांना विचारलं होतं.

शुक्रवारी सरांनी तिला अर्धा तास पिळून काढलं. रक्त कुठून येतं, कुठे जातं, हा कप्पा कुठला, याच्या शेजारी काय. मध्येच त्यांनी काही न बोलता कापड फिरवून उलटं ठेवलं. तिची बोटं थांबली.

"सर, हृदय उलटं आहे."

"कशावरून?" सरांच्या तोंडून निघून गेलं, आणि दाराशी उभ्या असलेल्या मावशी तोंडाला पदर लावून हसल्या. तिने मात्र नीट कारण सांगितलं: जाड नळी वरच्या बाजूला निघते, ती आता खाली लागते आहे. सरांनी आणखी दोन प्रश्न विचारले, मग घडी घातलेला कागद खिशातून काढून फाडला. "विज्ञान राहू दे," एवढंच बोलून ते तासाला निघून गेले. बाई त्यांच्यामागे धावल्या, बहुधा त्यांचं मत बदलण्याआधी लिहून घ्यायला.

खोलीत मास्तर आणि मुलगी दोघंच उरली. मास्तरांना हलकं वाटत होतं. सुया गोळा करत ते म्हणाले, "चल, सुटलीस एकदाची."

"बाकीची चित्रं काढा," ती म्हणाली.

"कुठली?"

"सगळी. मी दहा वर्षांची होते तेव्हापासूनची."

मास्तरांनी सुया खाली ठेवल्या. कपाटातून त्यांनी एकेक चित्र काढून टेबलावर ठेवलं. तिने कान घेतला, तीन गोफ दाखवले. मास्तर म्हणाले, रेघा. फुलात दोन. रेघा. नकाशात समुद्रात गेलेली एक वाट होती, जिला ती पूल समजत आली होती. तीही रेघ. तिने प्रत्येक वेळी मान हलवली, मनातलं काहीतरी खोडून दुसरं लिहावं तशी.

सगळ्यात खाली डोळा होता. त्यावर तिने हात ठेवला, पण बोटं फिरवली नाहीत. तिला तो पाठ होता.

"यात सहा आहेत," ती म्हणाली. "सहाही डोळ्यातून बाहेर जाणाऱ्या."

"त्याही रेघाच," मास्तरांनी सांगितलं.

"हो. ते आता कळलं." ती म्हणाली, "लहान होते तेव्हा वाटायचं, दिसणाऱ्या माणसांच्या डोळ्यांतून असे दोरे बाहेर येतात. ते ज्याला जाऊन लागतात, ते दिसतं. आई दुपारी झोपली की मी तिच्या पापण्यांवरून हळूच हात फिरवून शोधायचे. सापडायचे नाहीत. मग वाटायचं, ते हाताला लागत नसतील. आणि माझे कुणीतरी तोडले असतील."

मास्तरांनी कापडाची कड सरळ केली. "मोठी झाल्यावर तरी विचारायचंस. जगाला विचारत असतेस."

"मोठी झाल्यावर कळलं की तसं नसतं. पण मग ते काय असतं, हे विचारायची लाज वाटली." तिने चित्र त्यांच्याकडे सरकवलं. "आणि तेव्हा, लहानपणी, शंका आलीच नाही मास्तर. तुम्ही इतकं नीट शिवलं होतं."

मास्तरांना रडू फुटलं. ते तिला दिसणार नव्हतं, म्हणून त्यांनी ते तिला सांगितलं आणि माफी मागितली. ती तिथेच बसून राहिली. मग त्यांनी कात्री घेतली आणि ते डोळ्याच्या रेघा काढून टाकायला बसले. सहा गोफ उसवायला त्यांना पाऊण तास लागला, कारण टाके खरोखरच पक्के होते.